जनरेटरचा पोळा

आधी माफी मागते. लेख लिहावा एवढं माझं वय नाही, आणि अधिकार तर मुळीच नाही. आमच्या तांड्यात घरोघरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात. मराठी मला शाळेत भेटली, आणि घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. परीक्षेतले निबंध सोडले तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. निबंधही बहुतेक 'माझा आवडता ऋतू' अशाच विषयांवरचे. ऋतूविषयी काही चुकीचं लिहिलं तर ऋतू रागावत नाही. माणसाचं तसं नसतं, म्हणून धास्ती वाटते. तरी लिहिते, कारण ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ते स्वतः हे वाचतील अशी भीती नाही. वाचता येत नाही म्हणून नव्हे; चष्मा हा फक्त टाकीतलं डिझेल बघण्यासाठी असतो, असं त्यांचं मत आहे म्हणून.

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात लाइट गेल्यावर ज्याचा चेहरा उजळतो असा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि ते म्हणजे माझे मावसाजी. लाइट गेली की गिरणीवाला कपाळाला हात लावतो, दळणाच्या रांगेतल्या बाया उसासे टाकतात, मोटार बंद पडली म्हणून शेतकरी वीजवाल्यांच्या पूर्वजांची आठवण काढतो. मावसाजी मात्र ताठ व्हायचे. वरात दारात आल्यावर मुलीचा बाप कसा डोक्यावरचा फेटा चाचपत उभा राहतो, तसे ते शर्टाच्या खिशातली चावी चाचपत उभे राहायचे. हिंगोलीतल्या एका दवाखान्यात जनरेटर चालवणं हे त्यांचं काम होतं. 'काम' हा माझा शब्द. त्यांना विचारलं तर ते म्हणायचे, "डॉक्टर दवाखाना चालवून राहिले दिवसा. लाइट गेली का मी चालवतो." लाइट दिवसाही जाते, आणि गेली नाही तर डॉक्टर रात्रीही चालवतात, एवढा बारकावा त्यांच्या बोलण्यात कधी नसायचा.

माझं कॉलेज हिंगोलीत, आणि मावसाजींची खोली दवाखान्याच्या आवारात, जनरेटरच्या शेडला अगदी लागून. म्हणून मी त्यांच्याकडे राहायला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी तशी त्या यंत्राची ओळख करून दिली. "हा लाल्या," ते म्हणाले. मी पाहिलं तर समोर खोलीएवढी हिरवीगार पेटी. मी भीत भीत विचारलं, लाल्या कसा? तर तो आला तेव्हा लाल होता. पुढे कुणीतरी हिरवा रंग दिला. "रंग बदलला म्हणून बैलाचं नाव बदलते का, पोरी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली आणि तेव्हापासून त्या हिरव्या पेटीला लाल्याच म्हणू लागले.

बैल हा शब्द त्यांनी सहज वापरलेला नव्हता, हे मला हळूहळू कळलं. आमचे वाडवडील लदेणी करायचे, म्हणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून मुलुख पालथा घालायचे. ते दिवस गेले, तांडे जागच्या जागी बसले, लोक शेती करू लागले. मावसाजींच्या मते त्यांनी एकट्याने मात्र धंदा बदललेलाच नव्हता; बैल फक्त लोखंडाचा झाला होता. दवाखान्याचे दिवे, पंखे, यंत्रं या त्यांच्या लेखी गोण्याच. "सगळ्या गोण्या एकदम टाकल्या का बैल बसतो," असं ते सांगायचे, आणि लाइट गेल्यावर एकेक खटका वर करत लाल्यावर ओझं चढवायचे. त्याचा क्रम त्यांनी पंगतीवरून ठरवलेला होता. आधी लेकरं, म्हणजे नवजात बाळांचा कक्ष. मग ज्यांना स्वतःच्या हाताने खाता येत नाही ते, म्हणजे अतिदक्षता विभाग. मग म्हातारे, मग बाकीचे पाहुणे. यजमान सगळ्यात शेवटी. यजमान म्हणजे दवाखान्याचे व्यवस्थापक. त्यांच्या खोलीतला एसी मावसाजी इतका शेवटी चालू करायचे, की पुष्कळदा तोवर लाइटच परत आलेली असायची.

हे सगळं हाताने चालायचं तेव्हाची गोष्ट. लाइट गेली की शेडचं कुलूप काढायचं, चावी फिरवायची, लाल्या खोकत खोकत जागा झाला की त्याचा आवाज कान लावून ऐकायचा, आणि मग भिंतीवरचा लांब दांडा खाली ओढून दवाखाना बाहेरच्या विजेवरून लाल्याच्या पाठीवर घ्यायचा. या सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेडपर्यंत पोचणं. मावसाजी कुठेही असले तरी पळत यायचे, आणि सरळ न येता वॉर्डातून यायचे; लोकांना धीर द्यायला. "आलो, आलो! कुणी हालू नका!" असं ओरडत ते खाटांच्या मधून धावायचे. ज्यांचा पाय प्लास्टरात टांगलेला होता त्यांनाही ते हेच बजावायचे. सिस्टर त्यांना म्हणायच्या, "अहो काका, सरळ शेडकडे गेलात तर लवकर लाइट येईल." यावर ते म्हणायचे, "लाइट येईल हो सिस्टर, पण भरोसा कसा येईल?"

बाहेरगावी गेल्यावर त्यांची तकलीफ जास्त व्हायची. दिवा दिसत नाही अशा जागी ते बसूच शकत नसत. गोरेगावला आमच्या नात्यातलं लग्न होतं. मांडवात सगळे नवरीकडे बघत होते, आणि मावसाजी नवरीकडे पाठ करून खांबावरच्या बल्बकडे. मावशीने कोपराने ढोसलं तर म्हणाले, "ती कुठं जात न्हाई. हा जाईल." आणि तो खरंच गेला. मांडववाल्याचं भाड्याचं जनरेटर चालू होईना, तेव्हा हे अर्ध्या पंगतीतून हात न धुताच उठले आणि त्या जनरेटरच्या पोटात शिरले. जनरेटर चालू झालं ते त्यांच्यामुळे की मांडववाल्याने तेवढ्यात डिझेल आणून ओतलं त्यामुळे, यावर आमच्या नात्यात अजून दोन मतं आहेत. औंढा नागनाथला गेलो तेव्हाची गोष्ट तर मी मैत्रिणींना नेहमी सांगते. अरुंद पायऱ्यांनी खाली गाभाऱ्यात उतरलो, लोकांनी हात जोडले, आणि मावसाजींनी पुजाऱ्यांना विचारलं, "महाराज, इथं लाइट गेली तर काय सोय हाय?" पुजारी गोंधळून म्हणाले, "समई आहे की." मावसाजींनी समई नीट निरखली, तेल किती आहे ते वाकून पाहिलं, आणि मग कुठे हात जोडले. वर आल्यावर म्हणाले, "देवाचं बराबर हाय."

वर्षातला त्यांचा मोठा दिवस मात्र पोळा. आदल्या दिवशी गावोगावी बैलांची खांदेमळणी होते. जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि कानात सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' मावसाजी त्या दिवशी लाल्याचं जुनं तेल काढून नवं भरायचे, पाणी बदलायचे, बॅटरीची टोकं घासून लख्ख करायचे. कंपनीच्या पुस्तकातही एवढंच करायला सांगितलेलं होतं, फक्त त्यात तूप-हळद नव्हती. ती मावसाजी लाल्याच्या हिरव्या पत्र्याला वेगळी लावायचे, आणि धुराच्या नळीशी तोंड नेऊन आवतन द्यायचे. दुसऱ्या दिवशी गोंडे, फुगे, गळ्यात नसला तरी दाराच्या कडीला घुंगरू, आणि पुरणपोळीचा नैवेद्य. आणि त्या दिवशी बैलाला काम नाही. बैलाच्या मानेवर पोळ्याला जू ठेवायचं नाही, हे आमच्याकडे लहान लेकरालाही सांगावं लागत नाही.

पण दवाखान्याचा बैल, त्याला सुट्टी कशी मिळणार? त्याचीही सोय मावसाजींनी केलेली होती. त्यांचे एक जुने दोस्त लाइनमन होते. पोळ्याच्या आधी मावसाजी नारळ घेऊन त्यांच्याकडे जायचे.

"लाइनमनसाहेब, उद्या आमच्या बैलाची सुट्टी हाय. तार तोडू नका."

"तार मी तोडतो व्हय, काका? तार आपोआप तुटते."

"मग तिला सांगा, परवा तुट."

लाइनमन नारळ फोडायचे, खोबरं वाटायचे, आणि त्या दिवशी दुरुस्तीची कुठलीही कामं काढायचे नाहीत. त्यांच्याही घरी बैल होते. लाइट जायची नाही. निदान मी आल्यापासून गेली नव्हती.

मग दवाखान्यात ऑटोमॅटिक पॅनल आलं. कपाटासारखी पेटी, दारावर छोटा पडदा, हिरवा दिवा, आणि एक फिरवायचा खटका: ऑटो, मॅन्युअल, बंद. खटका 'ऑटो'वर ठेवला की लाइट गेल्याचं पॅनलला स्वतःच कळतं; ते लाल्याला चालू करतं, दवाखाना त्याच्यावर घेतं, लाइट आली की परत देतं आणि लाल्याला झोपवतं. माणूस लागत नाही. हे ऐकताना मावसाजी पॅनलकडे असे बघत होते की मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी त्यांनी त्या पेटीला नाव दिलं: सूनबाई. "आली आणि सगळ्या घराच्या चाव्या घेतल्या," ते मावशीला म्हणाले. मावशी म्हणाली, "चांगली सून हाय मग. सासऱ्याला बसून खाऊ घालते." मावसाजींना बसून खायचं नव्हतं. लाइट गेली की ते अजूनही धावायचे. शेडपाशी पोचेपर्यंत लाल्या गुरगुरत असायचा, दवाखाना उजळलेला असायचा, आणि हे धापा टाकत वॉर्डात येऊन सांगायचे, "झालं, केलं चालू." रुग्ण हात जोडायचे. मावशी मला म्हणायची, "कोंबडं समजून राहिलं, आपुन आरवलो म्हणून उजाडलं."

मावशी हसायची, पण तिलाही काय चाललं आहे ते कळत होतं. मावसाजींचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. दर वर्षी व्यवस्थापक त्यांना पुढच्या वर्षापुरतं ठेवून घ्यायचे, कारण लाल्या दुसऱ्या कुणाला चालू व्हायचा नाही. आता तर तो कुणाशिवायही होत होता. व्यवस्थापक माणूस वाईट नव्हते. त्यांनी मावसाजींना खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग सांगितलं, "काका, आता आराम करा. दिवाळीपर्यंत राहा, मग बघू." मावसाजी घरी आले आणि जेवताना एकदाच म्हणाले, "बैल हाय, आणि गड्याला म्हणतात आराम कर." त्यानंतर त्यांनी त्या विषयावर बोलणं बंद केलं, सूनबाईला रोज पुसायचं तेवढं चालू ठेवलं. आपण लागतो, हे कुणाला तरी दिसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ते दिसायची संधी सूनबाई देत नव्हती. ती कधी चुकायचीच नाही.

त्या वर्षी पोळा जवळ आला आणि नवीनच अडचण उभी राहिली. सूनबाईला आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी सकाळी, लाल्याला थोडा वेळ आपोआप चालवून बघायची सवय लावून दिलेली होती. लाइट असली तरी. यंत्र ऐन वेळी आळसावू नये म्हणून. आणि तो वार नेमका पोळ्याचा. मावसाजी व्यवस्थापकांकडे गेले.

"साहेब, त्या दिवशी लाल्याला चालवू नका."

"काहून? मशीन बिघडलंय का?"

"बिघडलं न्हाई. पोळा हाय."

व्यवस्थापक हसले. "काका, रिकामंच तर चालतं ते. लोड कुठं असतो त्याच्यावर?"

"रिकामी गाडी ओढायलाबी जू मानेवर घ्यावंच लागते, साहेब."

"मशीनला सण नसतो, काका," व्यवस्थापक म्हणाले, आणि फोनला लागले.

पोळ्याच्या सकाळी मावसाजींनी लाल्याला सजवलं, नैवेद्य दाखवला, आणि चाचणीची वेळ व्हायच्या आधी सूनबाईचा खटका 'ऑटो'वरून 'बंद'वर फिरवला. हे त्यांनी लपूनछपून केलं नाही; बघायला कुणी नव्हतं इतकंच. त्यांचा हिशेब सोपा होता. लाइनमनने शब्द दिलेला आहे, म्हणजे लाइट जाणार नाही. आणि गेलीच, तर मी इथे शेडपाशी बसलोच आहे; माझ्या हाताने चालू करीन. चाचणीची वेळ टळली तेव्हा खटका परत फिरवायला हवा होता. पण निम्मी सुट्टी कुठला बैल घेतो? त्यांनी खुर्ची ओढली आणि लाल्याशेजारी बसून राहिले. मी खोलीच्या उंबऱ्यावर अभ्यासाला बसले होते. इतके निवांत बसलेले मावसाजी मी त्याआधी पाहिलेच नव्हते.

दुपार कलली तशी रस्त्यावरून बैल निघाले. ढोल वाजत होते, एका टेम्पोवर मोठाले भोंगे लावलेले होते. मावसाजी फाटकापर्यंत गेले, फक्त बघायला. तेवढ्यात भोंग्यांच्या आवाजाने एक खोंड बिथरला आणि कासरा तोडून सुटला. बायाबापड्या पळाल्या. मावसाजी सुटलेल्या बैलाला सोडून देतील तर ते मावसाजी कसले? त्यांनी वेसण पकडली. खोंड तरणा, मावसाजी तसे नव्हेत. खोंडाने त्यांना जे ओढत नेलं ते चौक ओलांडून पार पोळ्याच्या तोरणापर्यंत. लोक टाळ्या वाजवत होते. आणि इकडे त्या टेम्पोच्या भोंग्यात वरची तार अडकली, मोठा आवाज झाला, आणि लाइट गेली.

मी सवयीने वाट पाहिली, की आता लाल्या गुरगुरेल. तो गुरगुरला नाही. एवढी शांतता मी त्या आवारात कधी ऐकली नव्हती. खिडकीतून सिस्टरांचा आवाज आला, "काका कुठायत? काका!" सणामुळे त्या दिवशी ऑपरेशन एकही नव्हतं, अतिदक्षतेतली यंत्रं त्यांच्या छोट्या बॅटऱ्यांवर तग धरून होती, पण बाळांच्या कक्षातल्या ऊब देणाऱ्या दिव्यांना तशी बॅटरी नव्हती. सिस्टरांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी आयांना बोलावलं, एकेकीच्या छातीशी तिचं बाळ ठेवलं, वरून पदर आणि गोधडी गुंडाळली, आणि म्हणाल्या, "अंगाला अंग लागू द्या. तुमचीच ऊब आता." त्या अंधाऱ्या खोलीत सगळ्या बाया अशा बसून होत्या. मी दारातून पाहिलं आणि परत फाटकाकडे धावले.

मावसाजी येत होते. चौकातल्या हॉटेलातली ट्यूब विझलेली त्यांना दिसली होती. त्यांची टोपी नव्हती, शर्टाला खोंडाच्या शिंगांचा लाल हिंगूळ लागलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा ते वॉर्डातून न जाता सरळ शेडकडे गेले. खटका 'मॅन्युअल'वर घेतला, आणि चावी फिरवण्याआधी त्यांनी लाल्याच्या पत्र्यावर हात ठेवला. काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही. 'लेकरं' एवढाच शब्द कळला. मग लाल्या खोकला, जागा झाला, आणि दवाखाना उजळला. बाळं सगळी सुखरूप होती. एक तर आईच्या कुशीत इतकं गाढ झोपलं होतं की त्याला परत दिव्याखाली ठेवताना ते चिडून रडलं.

यानंतर जे झालं ते मावसाजींनी देवाकडे मागितलं असतं तरी इतकं नेमकं मिळालं नसतं. व्यवस्थापक धावत आले, त्यांनी सगळ्यांसमोर मावसाजींचे दोन्ही हात धरले. "काका, ते ऑटोमॅटिक ऐन वेळी झोपलं! तुम्ही नसता तर काय झालं असतं? आता दिवाळी-बिवाळी विसरा. पाय चालतात तोवर तुम्हाला सोडत नाही." सिस्टरांनी पेढा भरवला. वॉर्डबॉयने फोटो काढला. मावसाजी त्या फोटोत पेढा गालात धरून उभे आहेत. चावत नाहीत, गिळत नाहीत. घाईत खटका त्यांनी मॅन्युअलवरून परत 'ऑटो'वर करून ठेवला होता. आता कुणाला काही कळायचं कारणच उरलं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र त्यांनी मावशीला आणि मला खरं सांगितलं. मावशी म्हणाली, "झालं ते झालं. लेकरं बरी हायत. आता उगी तोंड उघडू नका. नोकरी राहिली, खोली राहिली, पोरीचं कॉलेज राहिलं." मावसाजींनी मान हलवली. पुरणपोळी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून पॅनलचा इंजिनियर आला. बिचारा माझ्याहून थोडाच मोठा असेल. व्यवस्थापक त्याला शेडपाशी उभं करून सगळ्यांच्या देखत बोलत होते. पॅनल खोटं आहे, कंपनी खोटी आहे, उचला हे आणि घेऊन जा. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर, पॅनल ठीक दिसतंय," आणि दर वेळी जास्त बोलणी खात होता. शेवटी त्याने पॅनल उतरवायला पान्हा काढला. मावसाजी भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे झाले.

"थांबा. तिला हात लावू नका."

"काका, तुम्ही मध्ये पडू नका," व्यवस्थापक म्हणाले. "याने काल घात केला असता."

"तिनं न्हाई केला. मीच झोपवलं होतं तिला. खटका बंद केला. पोळा होता."

"पोळा होता म्हणजे?"

"बैलाची सुट्टी असते, साहेब."

"कुठला बैल?"

मावसाजींनी लाल्याकडे बोट दाखवलं. लाल्याच्या दारावर कालचे दोन फुगे अजून होते. इंजिनियरला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात दडवलं. व्यवस्थापक हसले नाहीत.

"काका, आत लेकरं होती. तुम्हाला कळतंय का?"

"कळते म्हणूनच सांगून राहिलो."

व्यवस्थापकांनी एकदा लाल्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्याही घरी बैल आहेत, काका. पण…" त्यांचं वाक्य तिथेच राहिलं, आणि मला वाटतं त्या वाक्याला पुढे दुसरं काही जोडता आलंही नसतं. "विश्वस्तांपुढे ठेवावं लागेल. तोवर तुम्ही घरी थांबा. काय ते कळवू."

खोलीवर आल्यावर मावशीचा बांध फुटला. "आळ तर लोखंडावर होता! लोखंडाला काय रडू येऊन राहिलं होतं?" मावसाजी म्हणाले, "आळ लोखंडावर घ्या का माणसावर, घेणाऱ्याचं तोंड तेच राहते. आणि घरात आलेल्या सुनेवर खोटा आळ घेतलेलं घर मी बघितलं हाय. उभं राहत न्हाई." मावशीने मग बोचकी बांधायला घेतली. मला वसतिगृहात जागा मिळाली, आणि ती दोघं पुसेगावकडच्या आमच्या तांड्यावर राहायला गेली.

'कळवू' हा शब्द मात्र त्यांच्याबरोबर गेला. मावसाजी वाट बघत नाहीत, असं ते स्वतः सगळ्यांना सांगायचे. फोनला रेंज फक्त तांड्याबाहेरच्या टेकाडावर येते, आणि ते रोज तिथे हवा खायला जायचे. मी सुट्टीत गेले की दवाखान्याविषयी काही विचारायचे नाहीत. हिंगोलीत लाइट किती वेळा गेली एवढंच विचारायचे. तांड्यावर लाइट रोजच जाते. ती गेली की मावसाजी ताडकन उठून उभे राहायचे, आणि मग इकडेतिकडे बघून, जणू अंगावरची धूळ झटकायला उठलो होतो अशा बेताने सदरा झटकून परत बसायचे. दिवाळी गेली, होळी गेली.

उन्हाळ्यात मी घरी असताना त्यांचे दोस्त लाइनमन पुसेगावला कामाला आले होते, ते मुद्दाम वाट वाकडी करून तांड्यावर आले. मावशीने चहा ठेवला. लाइनमन बराच वेळ तुरीवर बोलले, उन्हावर बोलले. शेवटी मावसाजीच म्हणाले, "बोला ना, साहेब. इतक्या दूर ऊन सांगायला कोण येते?"

लाइनमनने कप खाली ठेवला. दवाखान्याच्या गच्चीवर आता सौर पाट्या बसल्या होत्या आणि खाली खोलीभर मोठ्या बॅटऱ्या. लाइट गेली तरी त्या सांभाळून घेतात. लाल्या मागे उभा असतो, कधीतरीच लागतो. जनरेटर चालवणाऱ्याची जागाच विश्वस्तांनी बंद केली. काकांना कळवणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं, म्हणून ते राहून गेलं होतं.

मावसाजींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "बॅटऱ्या घेतात तेव्हा मधी अंधार किती पडते?"

"पडतच न्हाई, काका. दिवा डोळा मिचकावतसुद्धा न्हाई. लाइट गेलेली कुणाला कळत न्हाई."

"सिस्टरला?"

"न्हाई."

"लेकरायला?"

"लेकरायला कसं कळंल?"

मावसाजींनी एकदा समोरच्या टेकाडाकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. मग त्यांनी लाइनमनच्या कपात उरलेला चहा ओतला आणि म्हणाले, "चांगलं झालं. झोपलेलं लेकरू उगी जागं व्हायला नको."